जुन्या माउंटन बाइकला ड्रॉप हँडल बसवताना: आधी माप, मग स्टेम, मग ब्रेक, शेवटी गिअर

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत सेकंड-हँड मिळालेली १९९१-९२ च्या सुमाराची क्रोमोली स्टीलची माउंटन बाइक आहे. पुढे सस्पेन्शन नाही, चाकं २६ इंची, ब्रेक कँटिलिव्हर (रिमच्या दोन बाजूंना हात असलेले, मधल्या तारेने वर ओढले जाणारे), गिअर मागे सात आणि पुढे तीन, अंगठ्याने गिअर बदलायचे थंब शिफ्टर. हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो ती बेअरिंगची जोडणी, आट्यांचा; स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, १३५ मिमी लांब. तिला रस्त्याच्या सायकलसारखं खाली वळणारं ड्रॉप हँडल बसवून लांब पल्ल्याला आणि कच्च्या रस्त्यावर चालवायची आहे. कोणतं हँडल घ्यावं, जुने ब्रेक-लिव्हर आणि शिफ्टर चालतील का, आणि हे करण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, आणि तुमची सायकल या कामाला अगदी योग्य काळातली आहे. पण "कोणतं हँडल घ्यावं" हा प्रश्न पहिला नाही. बहुतेक लोक आधी हँडल विकत घेतात, मग त्यावर शोभतील असे लिव्हर घेतात आणि स्टेमचा विचार सगळ्यात शेवटी करतात. सायकल तयार होते, दिसते छान, आणि महिन्याभरात मान-खांदे धरतात म्हणून पुन्हा सपाट हँडल चढतं. क्रम उलटा ठेवा. बसण्याचं माप आधी काढा, त्यावरून स्टेम ठरवा, मग ब्रेक जुळवा. गिअर सगळ्यात शेवटी, कारण तिथे चुकलं तरी तुम्ही पडणार नाही.

ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत माउंटन बाइक घडत होती तेव्हाच सायकल बनवणारा चार्ली कनिंगहॅम आपल्या अॅल्युमिनियमच्या सायकलींना ड्रॉप हँडल लावत होता. तशाच सायकलवर जॅकी फेलन हिने १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ब्रिजस्टोन कंपनीची १९८७ ची एमबी-१ ही माउंटन बाइक ड्रॉप हँडल लावूनच दुकानात आली. १९९० मध्ये जॉन टोमॅक यती कंपनीच्या सायकलवर ड्रॉप हँडलने शर्यती खेळला, कारण त्याच हंगामात तो रस्त्यावरच्या शर्यतीही खेळत होता आणि दोन्हीकडे शरीराची ठेवण एकच हवी होती. यातली कनिंगहॅमची पद्धत तुमच्या कामाची आहे. त्याचं हँडल खाली बाहेरच्या बाजूला पसरलेलं आणि पुष्कळ उंच बसवलेलं असे. उतारावर आणि खडबडीत जागी हात खालच्या वळणात असत, आणि तरीही पाठ फार वाकत नसे.

माप

पहिलं काम सीटचं. पाय पूर्ण खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी उंची लावा. मग सीटच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि तो पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या, किती मागे पडतो ते मोजा. तुमच्याकडे अंगाला बसलेली रोड सायकल असेल तर तिचंही हेच अंतर मोजा आणि माउंटन बाइकची सीट पुढे-मागे सरकवून दोन्हीकडे समान करा. हे केल्याशिवाय घेतलेलं प्रत्येक पुढचं माप फसवं असतं, कारण दोन्ही फ्रेमच्या सीट ट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीचा, कोन वेगळा असतो. एका अंशाच्या फरकाने सीट सव्वा सेंटिमीटर सरकते.

आता सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर मोजा. समजा रोड सायकलवर ते ५३ सेमी आहे आणि त्या हँडलची पुढची झेप, म्हणजे मध्यापासून वळणाच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर, ८० मिमी आहे. माउंटन बाइकवर १३५ मिमी स्टेम धरून सीट ते हँडल ५८.५ सेमी भरतं. ७० मिमी झेपेचं नवं हँडल घेतलं तर रोड सायकलइतकीच पोच मिळवायला सीट ते हँडल ५४ सेमी हवं. म्हणजे साडेचार सेंटिमीटर कमी करायचे, स्टेम १३५ वरून ९० वर. शिवाय हँडल उंच केलं की ते आपोआप जवळही येतं, कारण फोर्कची दांडी मागे झुकलेली असते. या दांडीचा कोन, म्हणजे हेड अँगल, ७१ अंश असेल तर दर तीन सेंटिमीटर उंचीमागे एक सेंटिमीटर. कच्च्या रस्त्यासाठी रोडपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जवळची पोच बरी, म्हणून या उदाहरणात ७० ते ८० मिमीचा, वर चढणारा स्टेम योग्य ठरतो.

या हिशेबात तुमच्या सायकलचा लांब स्टेमच तुमच्या मदतीला येतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला १२० ते १५० मिमीचे स्टेम सर्रास असत, त्यामुळे कमी करायला जागा उरते. पुढे फ्रेम लांब होत गेल्या आणि स्टेम आखूड. ज्या सायकलवर मुळातच ६० मिमी स्टेम आहे, तिला ड्रॉप हँडल लावणं व्यर्थ आहे, कारण आणखी आखूड करायला काही शिल्लकच नसतं.

रोड सायकल नसेल तर एक साधी कसोटी आहे. ड्रॉप हँडलच्या लिव्हरवर, ज्याला हूड म्हणतात तिथे, हात ठेवला की तळवा हँडलच्या मध्याच्या नऊ-दहा सेंटिमीटर पुढे जातो. सपाट हँडलवर तो मध्याच्या थोडा मागेच असतो. म्हणजे स्टेम तोच ठेवला तर हात ११-१२ सेंटिमीटर पुढे. स्टेम ५५-६० मिमीने आखूड केला तरी तुम्ही आजच्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त ताणलेले असणार. आज सपाट हँडलवरच हात पूर्ण ताठ होत असतील, तर फ्रेम तुमच्यासाठी लांब आहे, आणि तिथे थांबणंच शहाणपणाचं. ड्रॉप हँडलसाठी नेहमीपेक्षा एक माप लहान फ्रेम चांगली पडते. सीटपोस्ट जास्त बाहेर दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

स्टेम

आधी फोर्कच्या दांडीचा व्यास ओळखा. स्टेम न काढता कळतो: हेडसेटच्या सगळ्यात वरच्या नटाला ३२ मिमीचा पाना बसत असेल तर दांडी एक इंची, ३६ चा बसत असेल तर सव्वा इंचाच्या अलीकडची, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि ४० चा बसत असेल तर पूर्ण सव्वा इंची. आत जाणाऱ्या स्टेमच्या दांड्याचा व्यास अनुक्रमे २२.२, २५.४ आणि २८.६ मिमी. १९९१-९२ च्या सायकलवर यातलं काहीही सापडू शकतं, म्हणून अंदाजाने मागवू नका. सव्वा इंची निघाला तर स्टेमचे पर्याय फार थोडे उरतात. तेव्हा आधी स्टेम हाती येऊ द्या, मग बाकीच्या भागांवर पैसे घाला.

जुना स्टेम वापरता येईल का? जवळजवळ कधीच नाही, आणि कारण फक्त लांबी नव्हे. त्याचा हँडल धरणारा भाग २५.४ मिमीचा असतो, तर ड्रॉप हँडल मध्यभागी २६.० किंवा हल्लीचं ३१.८ मिमीचं असतं. २५.४ च्या स्टेममध्ये २६.० चं हँडल फाकवून घालणारे आहेत. तसं करू नका: स्टेमला चीर जाण्याची सुरुवात तिथूनच होते आणि ती बाहेरून दिसत नाही. उलटं चालतं, २६.० च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल ०.३ मिमी जाडीची पत्र्याची शिम घालून पक्कं बसतं. दुसरी अडचण आकाराची. जुन्या स्टेमचं तोंड उघडत नाही, हँडल एका टोकाकडून ओवावं लागतं. सपाट नळी सरळ ओवली जाते, ड्रॉप हँडल मात्र आवळ वळणावर येऊन अडकतं.

सोपा मार्ग असा: फोर्कच्या दांडीत बसणारा अॅडॅप्टर घ्या, ज्याचं वरचं टोक २८.६ मिमी असतं, आणि त्यावर आजच्या पद्धतीचा, पुढची पट्टी चार बोल्टने उघडणारा स्टेम लावा. दिसायला जुन्या फ्रेमवर थोडं जाडजूड वाटतं, पण मोठा फायदा आहे. लांबी चुकली तर फक्त स्टेम बदलायचा, हँडल, लिव्हर, तारा जागच्या जागी. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला माझं मत हेच. माप एकदा पक्कं झालं आणि जुन्या रूपाची आवड असेल, तर निट्टो या जपानी कंपनीचा उंच दांड्याचा स्टेम नंतर घेता येतो. एक इंची दांडीसाठी तो फारच देखणा पर्याय आहे.

अॅडॅप्टर असो वा स्टेम, त्यावरची किमान खोलीची रेघ दांडीच्या आत गेलीच पाहिजे. खालची पाचर फोर्कच्या आट्यांच्या खाली येईल एवढा आत घाला. आटे कापलेल्या जागी नळीची भिंत पातळ असते, आणि पाचर तिथेच फुगवली तर दांडी तिथेच तडकू शकते. घालण्याआधी दांड्याला ग्रीस हवंच. जुना स्टेम निघत नसेल तर वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या, पाचर सुटते. तरीही हलला नाही तर भेदक तेल सोडून रात्रभर राहू द्या. हँडल पिळून जोर लावू नका, फोर्कची टोकं वाकतात.

हँडल

इथे फार विचार नको. रुंदी ४४ ते ४८ सेमी, पुढची झेप ७० मिमीच्या आसपास, खोली १०० ते १२० मिमी, आणि खालची टोकं १२ ते २० अंश बाहेर पसरलेली. ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या ड्रॉप हँडलच्या, सायकलींमुळे अशी हँडलं आता सहज मिळतात. पसरट टोकांचा उपयोग दोन ठिकाणी होतो: खालून धरताना मनगट मांडीला किंवा आडव्या दांड्याला घासत नाही, आणि खडबडीत उतारावर पकड रुंद मिळते. पसरट २५ अंशांच्या पुढे गेला की हूड तिरपे होतात आणि डांबरी रस्त्यावर तासन्‌तास धरायला त्रास होतो. तुमचा पल्ला लांब आहे, म्हणून मध्यम पसरट घ्या.

आणखी एक लक्षात ठेवा. सपाट हँडलच्या मुठीचा व्यास २२.२ मिमी असतो, ड्रॉप हँडलचा २३.८. दीड मिलिमीटरच्या या फरकामुळे जुने ब्रेक-लिव्हर आणि थंब शिफ्टर ड्रॉप हँडलवर चढत नाहीत. त्यांची कडी कानसून मोठी करण्याचा मोह टाळा, ती पातळ पडते आणि ब्रेक दाबताना तुटते.

ब्रेक

इथेच खरी काळजी घ्यायची. ब्रेक-लिव्हर दाबल्यावर तार किती ओढली जाते, हे लिव्हरच्या जातीवर ठरतं. रोडचे लिव्हर कमी तार ओढतात आणि जोर जास्त देतात. १९९६ पासून आलेल्या, लांब हातांच्या व्ही-ब्रेकला साधारण दुप्पट ओढ लागते. तुमच्या सायकलवर कँटिलिव्हर आहेत आणि ते कमी ओढीवर चालतात, म्हणून साधे रोड-लिव्हर त्यांना जुळतात. टेक्ट्रोचे आरएल३४० सारखे लिव्हर स्वस्त आहेत, हातात नीट बसतात आणि या कामाला उत्तम. १९८६ ते १९८८ च्या काही सायकलींवर मागच्या चाकाला, चेनजवळच्या आडव्या नळ्यांखाली, यू-ब्रेक असतो. त्यालाही हेच लिव्हर लागू होतात.

व्ही-ब्रेकवाली सायकल असेल तर साधा रोड-लिव्हर कधीही लावू नका. उभ्या सायकलवर तो जोरदार वाटतो, पण ब्रेक-रबर अर्धंच अंतर सरकतं. रबर थोडं झिजलं किंवा रिम जरा वाकडी असली की लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. तिथे टेक्ट्रो आरएल५२० सारखे खास व्ही-ब्रेकसाठीचे ड्रॉप लिव्हर घ्यावे लागतात. आणि ते लिव्हर कँटिलिव्हरवर लावले तर उलटी चूक होते: लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो आणि सायकल थांबत नाही. शिमानोचे २०१० च्या आसपासपासूनचे, गिअरच्या तारा टेपखालून जाणारे ब्रेक-गिअर लिव्हर जुन्या रोड-लिव्हरपेक्षा थोडी जास्त तार ओढतात. कँटिलिव्हरवर ते चालतात, पण जोर थोडा कमी पडतो.

आता ती गोष्ट जी बऱ्याच जणांना जोडणीच्या दिवशीच कळते. तुमच्या जुन्या स्टेमकडे नीट पाहा. पुढच्या ब्रेकची तार त्या स्टेममधल्या भोकातून किंवा छोट्या चाकीवरून खाली जाते आहे का? त्या काळात ही पद्धत सर्रास होती. स्टेम काढलात की तारेच्या बाहेरच्या नळीला टेकायची जागाच राहत नाही. मग दोन पर्याय. पहिला, हेडसेटच्या दोन नटांमध्ये बसणारा तारेचा आधार, म्हणजे हँगर. तो घालायला आटे शिल्लक हवेत. तिथे जाड वॉशर असेल तर तो काढून हँगर घाला आणि वरचा नट निदान चार-पाच फेरे पूर्ण बसतोय याची खात्री करा. दुसरा पर्याय, फोर्कच्या माथ्यावरच्या भोकात बोल्टने बसणारा हँगर. भोक असेल तर मी नेहमी दुसराच सुचवेन.

कारण असं. कँटिलिव्हरचा पुढचा ब्रेक दाबला की कधीकधी अख्खा फोर्क थडथड हादरतो. ब्रेक लागताच फोर्क मागे झुकतो, त्यामुळे वरचा हँगर आणि खालचा ब्रेक यांच्यातलं अंतर वाढतं. तार अधिक ताणली जाते, ब्रेक आणखी आवळतो, मग टायर सुटतो, फोर्क परत येतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा घडतं. हँगर फोर्कच्याच माथ्यावर असेल तर दोन्ही टोकं एकत्र हलतात, अंतर बदलत नाही, आणि थडथड थांबते. हेडसेट सैल असेल तर हाच त्रास वाढतो, म्हणून आधी हेडसेट तपासा.

फोर्क-हँगरचा दुसरा फायदा तारेच्या वळणाचा आहे. टेपखालून येणारी नळी आखूड स्टेमपाशी येऊन लगेच खाली वळायला लागते. हेडसेटवरचा हँगर स्टेमच्या अगदी खाली असेल तर ते वळण इतकं आवळ होतं की ब्रेक सोडल्यावर लिव्हर परतच येत नाही.

ब्रेक जुळवताना रिम आधी सरळ करून घ्या. रोड-लिव्हरवर रबर रिमपासून दीड-दोन मिलिमीटरवर ठेवावं लागतं, वाकडी रिम एवढ्या जागेत फिरू शकत नाही. ब्रेकच्या दोन्ही हातांना जोडणारी आडवी तार जितकी खाली तितका जोर जास्त, पण लिव्हर तितका मऊ लागतो आणि खोल जातो. वर नेली की उलटं. सुरुवात अशी करा की रबर रिमला टेकलेलं असताना आडवी तार आणि ब्रेकचा हात यांच्यात जवळपास काटकोन होईल. मग लिव्हर हँडलच्या दोन बोटं अलीकडे थांबेपर्यंत तार थोडी थोडी खाली आणा. शिमानोची ठराविक लांबीची जोडतार असेल तर एवढी मोकळीक मिळत नाही. ती काढून जुन्या पद्धतीचा त्रिकोणी जोड आणि सुटी आडवी तार लावा. मुख्य तार तुटली तर ही आडवी तार खाली टायरवर पडून पुढचं चाक जागच्या जागी जाम करू शकते, म्हणून पुढे मडगार्डची किंवा रिफ्लेक्टरची पट्टी ठेवा. ती तारेला वरच अडवते. किरकिर येत असेल तर रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटर आधी टेकेल असं तिरपं करा.

तारांबद्दल दोन सूचना, दोन्ही जिवाशी निगडित. माउंटन बाइकच्या ब्रेक-तारेचं लिव्हरकडचं टोक पिंपासारखं गोल असतं, रोड-लिव्हरचं पेअर (नासपती) फळासारखं निमुळतं. कानसून बसवू नका, रोडचीच तार आणा. आणि गिअरची बाहेरची नळी ब्रेकला कधीच वापरू नका. तिच्यातल्या तारा सरळ रांगेत असतात, ब्रेकच्या जोराने त्या फाकून प्लास्टिक फोडून बाहेर येतात.

गिअर

तुमच्या सात गिअरच्या सायकलला सगळ्यात निर्धोक उपाय म्हणजे हँडलच्या टोकात बसणारे बार-एंड शिफ्टर. शिमानोचे आठ गिअरचे शिफ्टर सात गिअरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचावर, चालतात, कारण दातेरी चकत्यांमधलं अंतर सातमध्ये ५.० मिमी आणि आठमध्ये ४.८ मिमी आहे, आणि एवढा फरक यंत्रणा पोटात घालते. एक टकटक जास्तीची उरते. डिरेल्युअरचे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचे, मर्यादा-स्क्रू नीट लावले की तिचा त्रास होत नाही. पुढचा शिफ्टर टकटक न करणारा, घर्षणावर चालणारा असतो, म्हणून तुमचं जुनं पुढचं डिरेल्युअर जसंच्या तसं चालतं. मागचाही घर्षणावर बदलता येतो, त्यामुळे मागच्या डिरेल्युअरचा फ्रेमवरचा आधार वाकला किंवा तार ताणली गेली तरी आडगावात गिअर पडत राहतात. लांब पल्ल्याला ही मोठी गोष्ट आहे. बसवताना एवढं लक्षात ठेवा की आतला फुगणारा बोल्ट ६ मिमी अॅलन कीने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर आवळतो. उलट समजून जोर लावला की आतली षटकोनी खाच गोल होते.

ब्रेक-गिअर एकत्र असलेले लिव्हर हवेच असतील तर मागच्या बाजूला अडचण नाही. शिमानोचे सात ते नऊ गिअरचे रोड-शिफ्टर आणि माउंटन डिरेल्युअर एकमेकांना जुळतात. फक्त १९९७ आधीची ड्युरा-एस ही शिमानोची रोड-मालिका वेगळी. दहा गिअरचे माउंटन डिरेल्युअर मात्र वेगळ्या ओढीचे आहेत, ते यात मिसळू नका. खरी अडचण पुढची. रोडचा डावा लिव्हर आणि माउंटनचं पुढचं डिरेल्युअर यांची ओढ जुळत नाही, तीनपैकी दोनच चेनरिंग, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकत्या, नीट पडतात. रोडचं तीन चेनरिंगचं डिरेल्युअर लावावं लागतं. ते तार खालून ओढतं, आणि तुमच्या फ्रेमवर तार वरून सीट ट्यूबच्या बाजूने येत असेल तर खाली चाकी बसवावी लागते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पुढे एकच चेनरिंग ठेवणं किंवा बार-एंडच वापरणं बरं.

बार-एंडच्या तारेची लांबी आधी मोजा. हँडलच्या टोकापासून टेपखालून वर, मग लांब आडव्या दांड्यावरून मागे असा तिचा प्रवास असतो, आणि नेहमीची तार काही फ्रेमवर मागच्या डिरेल्युअरपाशी चार बोटं कमी पडते. टँडमसाठीची तीन मीटरच्या आसपासची तार घेतली की प्रश्न मिटतो. मागच्या कँटिलिव्हरच्या ब्रेक-तारेचंही तसंच, मोजून घ्या.

जोडणी आणि पहिले काही किलोमीटर

हँडल असं फिरवा की त्याचा पुढे जाणारा भाग हूडसह जवळपास सपाट राहील आणि खालची टोकं किंचित जमिनीकडे झुकतील. हूडची कडी ६ ते ८ न्यूटन मीटरने आवळा, स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, त्यावर छापलेल्या आकड्यापर्यंत. चारही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे.

मग हँडलवर लगेच टेप गुंडाळू नका. तारा इलेक्ट्रिकल टेपने जागोजागी बांधा, बाहेरच्या नळ्या दोन-तीन सेंटिमीटर जास्त लांब ठेवा आणि सायकल तशीच वीस-तीस किलोमीटर चालवा, थोडा चढ आणि थोडा कच्चा उतार असेल अशा रस्त्यावर. सतत हूडच्या मागे, हँडलच्या वळणावरच हात जात असतील तर पोच लांब आहे, स्टेम १०-२० मिमीने आखूड करा. खालच्या वळणात दहा मिनिटंही थांबवत नसेल तर हँडल खाली आहे, दोन सेंटिमीटर वर घ्या. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येत असतील तर बहुतेक वेळा सीटचं टोक खाली झुकलेलं असतं आणि अंगाचा भार हातावर येतो. तेव्हा आधी सीट सपाट करा, मग हँडलला हात लावा. हे सगळं ठरल्यावरच नळ्या मापाने कापा.

कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. ड्रॉप हँडल लावल्यावर नळ्यांचा मार्ग बदलतो, आणि जुन्या लांबीची नळी वळताना ताणली जाऊन गिअर आपोआप पडतो किंवा मागचा ब्रेक लागतो. हळू वेगात वळताना तो लागला तर माणूस आडवा होतो. नळीची टोकं काटकोनात कापा, कानसने सपाट करा, भोक चेपलं असेल तर टोकदार सळीने मोकळं करा, आणि प्रत्येक टोकाला टोपी घाला.

आणखी एक विनंती. फ्रेमला भोक पाडू नका, आधार कापू नका, वेल्डिंग करून नवे आधार लावू नका. ती जुनी क्रोमोलीची फ्रेम पुन्हा मिळणार नाही. वर सांगितलेलं सगळं काम बोल्ट आणि कड्यांवर होतं आणि एका दुपारी उलटं करता येतं. काढलेला स्टेम, लिव्हर आणि थंब शिफ्टर तेल पुसून एका डब्यात एकत्र ठेवा. त्या काळातले शिमानोचे थंब शिफ्टर अजूनही वर्षानुवर्षं चालतात आणि शोधणारे पुष्कळ आहेत.

पुढे कधी सायकल महाराष्ट्रात आणायची असेल तर सुटे भाग तिथूनच सोबत घ्या: दोन पेअर-टोकाच्या ब्रेक-तारा, एक लांब गिअर-तार, फोर्कचा हँगर, आडव्या तारेचे दोन जोड, आणि कँटिलिव्हरच्या गुळगुळीत दांडीच्या रबरांचा एक संच. इतर वस्तू गल्लीतला कारागीर निभावून नेतो, ही रबरं मात्र शोधत बसावं लागतं. आजची बहुतेक रबरं आट्यांच्या दांडीची असतात आणि जुन्या कँटिलिव्हरच्या भोकात ती बसत नाहीत.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नव्या तारा बसतात आणि लिव्हर मऊ होतो. तेव्हा तार पुन्हा ओढा, आणि त्याच वेळी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलकेच पिळून पाहा. अॅडॅप्टर दांडीत थोडा जरी फिरला तर तो बाहेर काढा, पाचरेच्या तिरप्या बाजूला आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, आणि पुन्हा आवळा. कोरडा बोल्ट घट्ट लागल्याचा भास देतो, पण पाचर वर चढलेलीच नसते.